फळ्यावरची तारीख

माझ्या बायकोला माझ्या औषधांची नावं माहीत आहेत, कपाटाची किल्ली मी कुठे ठेवतो ते माहीत आहे, मी कोणाला घाबरतो हेही माहीत आहे. ही एक गोष्ट तिला माहीत नाही. भावाला नाही, मित्रांना नाही. कार्यालयात तर नाहीच — तिथे या गोष्टीची उलटी बाजू फाइलला लागलेली आहे, माझ्या सहीसकट. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. हे काही धाडस नव्हे, मला कळतं.

आधी माझ्या कामाबद्दल. नगरमधल्या एका दैनिकात मी चौदा वर्षं उपसंपादक होतो. आवृत्ती बंद झाली आणि मी या कार्यालयात आलो. सावेडीत, एका औषधांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. जिल्ह्यातल्या शिक्षकांविरुद्धच्या तक्रारी इथे येतात. चौकशी होते, समितीपुढे सुनावणी होते, शिक्षक दोषी की निर्दोष ते ठरतं. माझं पद चौकशी सहायकाचं. कंत्राट अकरा महिन्यांचं, दर खेपेला नव्यानं मिळणारं. तक्रार आली की न कळवता शाळेत जायचं, दिसेल ते लिहायचं आणि अहवाल द्यायचा. एवढंच काम. सोपं वाटतं ना?

वर्तमानपत्रातून मी एक सवय बरोबर आणली होती. तिथे तालुक्याचा वार्ताहर फोनवर चार वाक्यं सांगायचा आणि मी टेबलावर बसून त्यांची चाळीस ओळींची बातमी करायचो. मोर्चा मी पाहिलेला नसायचा. आमचे मुख्य उपसंपादक म्हणायचे, “एक बारीक तपशील टाक रे. त्याशिवाय बातमी उभी राहत नाही.” मी टाकायचो. पुढे चाललेल्या बाईच्या हातातली कापडी पिशवी. कोणाच्या तरी हातात पिशवी असतेच की. त्यात खोटं काय? चौदा वर्षं मी स्वतःला हेच विचारत आलो आणि चौदा वर्षं उत्तर एकच देत आलो — काही नाही.

तर, तक्रार. पाथर्डी तालुक्यातल्या एका वस्तीवरची शाळा, एकच शिक्षिका. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. तो हक्क मी गमावलाय. गावात त्यांना बाई म्हणत, मीही बाईच म्हणतो. अर्ज निनावी होता. दिवाळीनंतर गाव ऊसतोडीला गेलं की बाई शाळा उघडतच नाहीत, मुलं कागदावर हजर असतात, असं त्यात लिहिलं होतं. असे अर्ज आमच्याकडे नेहमी येतात. काही खरे निघतात. हा खरा की खोटा, ते पाहायला मला पाठवलं होतं.

सकाळच्या एसटीनं मी पाथर्डीला उतरलो. तिथून वस्तीपर्यंत जीप. स्टँडमागे ती उभी होती. चालक टपावर पाय सोडून बसला होता.

“कधी निघणार?” मी विचारलं.

“भरली की.”

“कधी भरेल?”

“समदं गाव उसाला गेलंय सायेब. आता शिमग्याला भरंल.” टपरीवरची माणसं हसली. मग त्यानं विचारलं, “कुणाकडं जायचंय?”

“शाळेत.”

“शाळंत? पोरंच न्हाईत तर शाळा कसली हो? कुलूप असंल. कशाला हाडं खिळखिळी करून घेता?”

मी दोन तास थांबलो. चहा घेतला, परत घेतला. जीप हलली नाही. मग मी नगरची गाडी पकडली.

थांबा — घाई होती असं मी म्हणत नाहीये. घाई नव्हती. अहवाल तीन दिवसांनी द्यायचा होता. दुसऱ्या दिवशी परत येता आलं असतं. मोटारसायकल मागता आली असती, पाथर्डीत माझ्या ओळखीचे दोन वार्ताहर होते. मी आलो नाही, मागितली नाही. का? कंटाळा आला होता. याहून मोठं कारण सापडावं म्हणून मी पुष्कळ शोधलं. नाही सापडलं.

घरी येऊन मी अहवाल लिहिला. दिनांक, वार, वेळ अकरा वाजून वीस मिनिटं. शाळेच्या दाराला कुलूप. आवारात विद्यार्थी नाहीत, शिक्षिका नाहीत. इथपर्यंत लिहिलं आणि वाचून पाहिलं. उभं राहत नव्हतं. मग मी एक वाक्य घातलं: ‘खिडकीतून पाहिले असता फळ्यावर चार दिवसांपूर्वीची तारीख आढळली.’

ते वाक्य लिहिल्यावर मला बरं वाटलं. हे मला नीट आठवतं. चांगलं वाक्य जमल्यावर वाटतं तसं बरं.

सुनावणी महिन्याभरानं झाली. तीन जणांची समिती, अध्यक्ष निवृत्त अधिकारी. बाई पाथर्डीहून पहिल्या गाडीनं आल्या होत्या. पन्नाशीच्या पुढच्या, नेसण नीटनेटकी, हातात नायलॉनची पिशवी आणि तिच्यात शाळेच्या वह्या. मी त्यांना प्रथमच पाहत होतो. अहवालाप्रमाणे मी त्यांची शाळा पाहून आलो होतो.

त्यांनी पोषण आहाराची वही काढून टेबलावर ठेवली. त्या दिवशीची नोंद होती — नऊ मुलं, खिचडी. त्या म्हणाल्या, “आईबाप उसाला गेले की पोरं आजी-आजोबांकडे राहतात, साहेब. सगळी नाही राहत, नऊ राहिली. दुपारी शाळेत पोटभर मिळतं, म्हणून म्हातारी माणसं ठेवून घेतात. शाळा बंद ठेवली तर त्याच आठवड्यात पोरं ऊसतोडीच्या टोळीवर जातील. मी कशी बंद ठेवीन?”

अध्यक्षांनी माझ्या अहवालावर बोट ठेवलं. “इथं कुलूप होतं म्हणून लिहिलंय.”

“नव्हतं.”

“फळ्यावर चार दिवसांआधीची तारीख होती.”

बाई माझ्याकडे वळल्या. आवाज चढवला नाही. “खिडकीतून बघितली म्हणता, साहेब? आमच्या खिडक्यांना पत्रे ठोकलेत. मागच्या वावटळीत झडपा गेल्या, तेव्हापासून.”

तिघेही माझ्याकडे पाहत होते. आता सांगता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. नोकरी गेली असती कदाचित — कदाचित नुसती समज मिळाली असती. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, “एका खिडकीचा पत्रा खालून सैल होता.”

इतकं सहज. सैल पत्रा मला दिसतही होता, खालचा खिळा निघालेला.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. राग नव्हता त्या बघण्यात. वर्गात एखादं पोर धडधडीत खोटं बोलतं आणि बाई त्यानं कबूल करायची वाट पाहत थांबतात — तसं काहीतरी. मग त्यांना कळलं असावं. मी आलोच नव्हतो, हे त्या खोलीत त्यांना एकट्यांनाच कळलं. “हे आले नव्हते,” त्या अध्यक्षांना म्हणाल्या. “आले असते तर जेवून गेले असते.”

अध्यक्ष किंचित हसले. “बाई, इतका बारीक तपशील कुणी मनानं लिहीत नाही.”

निकालात दोन आरोप सिद्ध झाले. आला होता एक, झाले दोन. शाळा बंद ठेवणं हा पहिला. दुसरा, बंद शाळेत नऊ मुलांच्या आहाराची खोटी नोंद करणं. त्यांनी पुरावा म्हणून आणलेली वही त्यांच्याच विरुद्ध जमा झाली. एक वेतनवाढ कायमची रोखली. सेवापुस्तकात नोंद झाली. आणि बदली — जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर.

वस्तीच्या शाळेवर नवीन शिक्षक आला नाही. शेजारच्या गावच्या गुरुजींकडे जादा कार्यभार दिला. ते आठवड्यातून दोनदा येत. पुढच्या दोन महिन्यांत नऊतली सात मुलं टोळ्यांवर गेली. हे मी ऐकलेलं नाही. शाळेच्या पटाचा कागद माझ्याच टेबलावर आला, कारण कमी पटाच्या शाळेबद्दलची टिपणी मला करायची होती. त्या टिपणीत पूर्वीच्या चौकशीचा संदर्भ द्यावा लागतो. मी माझ्याच अहवालाचा क्रमांक घालून लिहिलं: ‘सदर शाळा यापूर्वीही बंद आढळली आहे.’

आमच्याकडे कागद असा चालतो. पहिल्या कागदावर दुसरा उभा राहतो, दुसऱ्यावर तिसरा. खालचा काढायचा म्हटलं तर वरचे सगळे अंगावर येतात. मी सरळ होईन म्हणतो, तेव्हा प्रत्येक वेळी आणखी एका कागदावर माझी सही झालेली असते.

बाईंनी अपील केलं. पानभरच होतं. शेवटची मागणी एवढीच: अहवाल लिहिणाऱ्यानं शाळेला प्रत्यक्ष भेट दिली होती का, ते त्यांना लेखी विचारावं. कार्यालयानं मला विचारलं. छापील नमुन्यावर, खाली उत्तरासाठी एक ओळ सोडलेली. ते पाकीट तीन दिवस माझ्या खणात होतं. माझं कंत्राट त्याच महिन्यात संपत होतं. बायको घरी विचारत होती, “होईल ना हो या वेळी पण?” मी म्हणालो, होईल. चौथ्या दिवशी मी त्या ओळीवर लिहिलं, ‘होय.’ अपील फेटाळलं गेलं. कंत्राट झालं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण आमच्या साहेबांना तो अहवाल फार आवडला. नवीन सहायक आले की त्यांना नमुना म्हणून त्याची प्रत देतात, नावं खोडून. “असं लिहायला शिका,” म्हणतात. “वाचणाऱ्याला शाळा दिसली पाहिजे.” मग मला बोलावतात आणि मी त्या मुलामुलींपुढे उभा राहून सांगतो — निरीक्षण कसं करावं, तपशील कसा टिपावा. दर वर्षी सांगतो. काय करू? नाही म्हणायला कारण काय देऊ?

इतकं वाचून तुम्हाला वाटेल, झालं, एवढंच होतं. कंटाळा, मग भीती. माणसाचं होतं असं. पण अहवालात मी एक गोष्ट गाळली होती. इथेही गाळली, बघा — लिहायला बसलो ते सगळं सांगायचं म्हणून, आणि जीपपाशी आलो तेव्हा हात आपोआप तिला वगळून पुढे गेला.

जीपपाशी मी एकटा नव्हतो. एक म्हातारी होती, त्याच वस्तीवरची. डोळ्यांचे थेंब आणायला तालुक्याला आली होती, आता घरी जायचं होतं. चालक कुलूप असंल म्हणाला तेव्हा तिनं त्याला झापलं. “तुला काय म्हाईत रं मुडद्या? दिसभर टपावर बसतोस. माझा नातू सकाळी गेलाय की शाळंत.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “बाई हायेत, बाबा. रोज येत्यात. तुमी चला तर खरं. जीप न्हाई तर मी चालत जानार हाय, मळ्याच्या वाटंनं. दोघं बोलत बोलत जाऊ. ऊन उतारलं की निगू.”

दोघं बोलत बोलत जाऊ.

मी म्हणालो, “तुम्ही व्हा पुढे, आजी.”

म्हणजे मला ठाऊक होतं. अहवाल लिहिताना, कुलूप लिहिताना, फळा लिहिताना शाळा चालू आहे हे मला ठाऊक होतं. साक्षीदार होती, तिनं आपणहून सांगितलं होतं, रस्ता दाखवायला तयार होती. चालकाचं म्हणणं तक्रारीशी जुळत होतं, तिचं जुळत नव्हतं. तक्रार खोटी आहे असं लिहायचं तर गावात जायला लागलं असतं, जबाब घ्यायला लागले असते. खरी आहे असं लिहायला घरचं टेबल पुरत होतं. म्हणून मी तिला काढून टाकलं. चौदा वर्षं नको त्या ओळी काढल्या होत्या, तशीच. पत्रकारितेत मी न पाहिलेलं लिहिलं असेल. ऐकलेलं खरं दाबून त्याच्या उलटं कधी लिहिलं नव्हतं. ते मी एकदाच केलं, इथे येऊन, आणि त्यात एका बाईची तीस वर्षांची नोकरी होती.

बाई येत्या मे अखेरीस निवृत्त होतात. यादी आमच्याकडे येते, तिच्यात नाव पाहिलं. त्या तारखेनंतर सेवापुस्तक बंद होईल आणि दोन्ही आरोप त्यात जसेच्या तसे राहतील. ते खोडायचे तर एकच कागद लागतो, माझ्या सहीचा. मी आलो नव्हतो, एवढं एक वाक्य. मजकूर मला पाठ आहे. टाइप करायला पाच मिनिटं लागतील.

हे सगळं मी तुम्हाला लिहिलं. ते पत्र अजून लिहिलेलं नाही.