वांग्याला इंजेक्शन देणाऱ्या गयामावशी

मी सातवीतच मेले असते.

गयामावशींनी मरू दिलं नाही.

त्या आज सकाळी गेल्या. वडवणीत, मुलाच्या घरी, चहा पिता पिता. वय ऐंशीच्या पुढे.

गयामावशी आमच्या शाळेच्या शिपाई. घंटा त्यांची, पाण्याचे माठ त्यांचे, आणि आम्ही सगळ्या पोरीही त्यांच्याच.

मला बाराव्या वर्षी टाइप वन डायबेटिस झाला. गावात तेव्हा एसटीडी बूथ नवे नवे आले होते. लहान मुलांनाही शुगर होते, हे कुणालाच पटायचं नाही.

हेडसर बाबांना म्हणाले, "वर्गात पडली तर जबाबदारी कुणाची? घरीच शिकवा."

बाबा हट्टी. त्यांनी बीडहून डॉक्टरांनाच शाळेत आणलं. सगळा स्टाफ बसला.

डॉक्टर म्हणाले, "घाम, थरथर, चिडचिड दिसली की रक्तातली साखर उतरली समजा, लगेच साखर द्या."

दारात उभ्या गयामावशी म्हणाल्या, "अन् बेसुद पडली तर? गिळंल कशी?"

डॉक्टर खूश! "तेव्हा तोंडात काही घालायचं नाही. कुशीवर वळवा आणि साखर वाढवणारं हे ग्लुकागॉनचं इंजेक्शन मांडीत टोचा. कोण देईल?"

सगळ्या माना खाली. ड्रॉइंगचे सर तर सुई बघूनच घामाघूम.

"म्या देते. म्हशीला देते, मंग लेकराला कावून न्हाई?"

आठ दिवस मधल्या सुट्टीत मावशी जुन्या सिरिंजने वांग्यांना टोचत होत्या. आम्ही पोरी भोवती हसत उभ्या.

मामाने मुंबईहून आणलेलं ते एकच इंजेक्शन हेडसरांच्या कपाटात गेलं.

आणि गॅदरिंगच्या लेझीम प्रॅक्टिसला मी पडले.

पुढचं मला मैत्रिणीने सांगितलं. पीटीचे सर साखरेच्या पाण्याचा ग्लास घेऊन धावले. मावशी ओरडल्या, "सर, थेंब बी घालू नका! गुदमरंल ती!"

मला कुशीवर वळवलं. मग कपाटाकडे पळाल्या. कुलूप! हेडसर मीटिंगला बीडला, किल्ली त्यांच्या खिशात.

मावशींनी घंटेचा हातोडा आणला. दोन घाव. कुलूप खाली.

इंजेक्शनची पावडर सोबतच्या पाण्यात कालवली, टोचलं.

दहा-पंधरा मिनिटांनी मी डोळे उघडले आणि भडाभडा ओकले. थेट मावशींच्या अंगावर.

"ओक बाई, ओक. लुगडं काय, धुता येतंय!"

हसत होत्या. डोळ्यांतून पाणीही चाललेलं. गिळता यायला लागल्यावर बिस्किटं त्यांनीच भरवली. मग बाबा जीप घेऊन आले आणि दवाखान्यात नेलं.

दुसऱ्या दिवशी मावशी स्वतःच हेडसरांपुढे उभ्या राहिल्या. "सायेब, कुलूप म्या फोडलं."

सरांनी फुटलेलं कुलूप हातात घेऊन बघितलं. मग म्हणाले, "नवं आणू नका. कपाट उघडंच राहू द्या. आणि मलाही शिकवा."

पुढच्या आठवड्यात मधल्या सुट्टीत सरांनी वांग्यावर सिरिंज धरली, पण टोचेनात.

"सायेब, टोचा की! वांगं मरत न्हाई!"

अख्खा स्टाफ हसला. हेडसरसुद्धा. आम्ही त्यांना पहिल्यांदाच हसताना बघितलं.

त्यानंतर शाळेत नवीन शिक्षक आले की आधी मावशींकडे ट्रेनिंग, मग वर्गावर. डबल ग्रॅज्युएट सर आणि सहीपुरतं शिकलेल्या मावशी!

मागच्या दिवाळीत लेकीला घेऊन भेटायला गेले होते. मावशींची नजर अधू झालेली. माझा हात हातात घेऊन त्यांनी विचारलं, "लेकीला शिकिवलंस का, तुला काय झालं तर काय करायचं?"

"शिकवलं, मावशी."

"मंग लई ब्येस. आता माझी काळजी मिटली."

मावशी, तुमच्यामुळे मिळालेलं आयुष्य मजेत जगतेय.

हात जोडून निरोप देते.