फरशीवर आपटलेली ड्राइव्ह

सीताबर्डीतल्या त्या दुकानदाराचं नाव मी कधी विचारलं नाही. मी लग्नाचे फोटो काढतो, त्यामुळे मला फोटो साठवायला, रोजच्या धबडग्यात टिकेल अशी दणकट पोर्टेबल एसएसडी ड्राइव्ह हवी होती.

त्यानं रबरी कवचाची एक ड्राइव्ह उचलली आणि माझ्या डोळ्यांत बघत फरशीवर आपटली. ती टुणकन उसळून कपाटाखाली गेली. मग हा भरल्या देहाचा माणूस पोटावर आडवा झाला आणि झाडूच्या दांड्यानं तिला चाचपू लागला.

"हिले काही होत नाही भाऊ," तो खालूनच म्हणाला, "फक्त सापडत नाही. सकाळपासून तिसऱ्यांदा शोधून राहिलो. तुम्ही दोन घ्या, एक घरी ठेवा."

दुसरी ड्राइव्ह खपवायला हा जमिनीवरसुद्धा लोळेल, असं मनात म्हणत मी एकच घेतली.

महिन्याभरात ती काटोलच्या बसमध्ये राहिली. आत एक अख्खं लग्न होतं आणि दुसरी कॉपी कुठंच नव्हती. नवरीच्या बापाचा रोज फोन येतो. मी त्याला छातीठोकपणे एवढंच सांगू शकतो, की ड्राइव्ह फुटलेली नसणार.