एका नारळाच्या बदल्यात

सॉलीकाका बियरला मोजा घालत. बाटली असो की कॅन, गराजमधल्या टेबलावर ती यायची ती राखाडी लोकरी मोज्यात गळ्यापर्यंत बुडूनच. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, कॅनडातल्या ह्या विंडसरच्या थंडीनं म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय; स्वतः उघड्या पायांनी चपलांत बसलाय आणि बियरला मोजे घालतोय. नंतर कळलं की तो नियम होता. फ्लोराकाकू आत ओट्यापाशी मोजा चढवून बाटली बाहेर आणायच्या, त्यामुळे आत काय आहे ते फक्त त्यांना ठाऊक. आधी वास, मग घोट, मग मार्क, आणि सगळ्यांचे मार्क सांगून झाल्यावरच मोजा उतरायचा. "लेबल वाचून चव सांगायची तर प्यायची कशाला?" काका म्हणायचे. "दुकानात उभं राहून वाचावं आणि घरी जावं."

आमची ओळख बर्फात झाली. आम्ही त्या गल्लीत नुकतेच राहायला आलो होतो आणि ड्राइव्हवे शोव्हल करताना माझा नवरा मिलिंद कंबर धरून उभा होता. मी त्याला अस्सल नागपुरी आवाजात चार गोष्टी सुनावत होते, इथे कुणाला कळतंय या खात्रीनं. तेवढ्यात शेजारच्या गराजमधून शांतपणे आवाज आला, "अहो, त्याला सांगा, फावडं तिरकं मारायचं. सरळ मारलं की पाठ जाते." मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. सॉलोमन झिराडकर, बेने इस्रायली, मूळचे अलिबागकडचे, आयुष्य विंडसरच्या मोटारीच्या कारखान्यात काढून रिटायर झालेले. मी मराठी ज्यू कधी पाहिले नव्हते. भोळेपणानं विचारलं, काका, तुम्ही मराठी कुठे शिकलात? ते म्हणाले, "आईच्या मांडीवर. तू?"

तेव्हापासून रविवारी दुपारी मी त्यांच्या गराजमध्ये. मिलिंद थेंबाला शिवत नाही, तो चिवडा खात बसायचा. काकांना वेड एकाच प्रकारच्या बियरचं, नदीपलीकडच्या अमेरिकेत छोट्या छोट्या कारखान्यांत बनणाऱ्या, हॉप्स भरभरून घातलेल्या. हॉप्स म्हणजे वेलीला लागणारी हिरवी बोंडं. बियरचा कडूपणा त्यांचा आणि वासही त्यांचाच. अमेरिकन माणूस हॉप्स घालताना हात आखडत नाही, हे त्या देशाबद्दल काकांचं एकमेव चांगलं मत होतं. नदीखालच्या बोगद्यातून गाडी काढली की वीस मिनिटांत डेट्रॉइट. न पिणारा म्हणून ड्रायव्हर कायम मिलिंद. परतताना कस्टम्सवाल्यानं विचारलं की काका एकेक कॅनची हकीकत सांगायला लागायचे, ह्याला संत्र्याच्या सालीचा वास, ह्याला चीडाच्या लाकडाचा. एकदा तो अधिकारी कंटाळून म्हणाला, सर, आय ओन्ली नीड द नंबर.

त्यांचं नाक म्हणजे चीज होती. ग्लास हातात घेतला की डोळे मिटायचे आणि मग इतका वेळ काही घडायचंच नाही की मला वाटे, लागला डोळा. मी चुळबूळ केली की म्हणत, "घाई बियरला आहे की तुला?" मग एकेक शब्द यायचा. पिकलेला नव्हे, डाग पडलेला आंबा. लिंबाचं पान, चुरगळलेलं. होडीला लावतात त्या राळेचा वास. एकदा म्हणाले, पाऊस थांबल्यावरची अळूची पानं. मी हसले, मग पुन्हा हुंगलं, आणि खरंच होती हो अळूची पानं. फोनवर बियरला चांदण्या द्यायचं ॲप त्यांच्या मुलीनं घालून दिलं होतं, पण पाच चांदण्यांत काय मावतं, म्हणून ते मार्क आण्यांत द्यायचे. दहा आणे म्हणजे पाहुण्याला चालेल. चौदा आणे म्हणजे त्या रविवारी फ्लोराकाकूंनाही दोन थेंब चाखायला लावायचे. सोळा आणे कधीच कुणाला मिळाले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "सोळा दिल्यावर पुढच्या रविवारी काय करायचं?"

साठवण्याचा मात्र त्यांना राग. हॉप्सचा वास म्हणजे फ्रीजमधली कोथिंबीर, ते सांगायचे, आज आहे तर आज. मिलिंदनं एकदा कुणीतरी भेट दिलेली बाटली वर्षभर शोकेसमध्ये ठेवली होती. काकांनी ती पाहिली आणि घरात कुणी गेल्यासारखं तोंड केलं.

पण दर वर्षी एकदा त्यांची सगळी बियर आमच्या बेसमेंटमध्ये यायची. वसंतातला त्यांचा मोठा सण, पेसाख. त्यांच्या लहानपणी गावाकडे त्याला आनाशी ढाकायचा सण म्हणत. आंबटाचं मडकं झाकून ठेवायचे दिवस. आठ दिवस घरात आंबवलेलं धान्य ठेवायचं नाही, पावाचा चुरासुद्धा नाही, आणि बियर म्हणजे तर आंबवलेले जवच. नुसती झाकून चालत नाही, ती आपली असता कामा नये. म्हणून परक्या धर्माच्या माणसाला विकायची आणि सण झाला की परत घ्यायची. टोरांटोकडचे लोक हे काम रब्बीकडून, म्हणजे त्यांच्या धर्मगुरूकडून करून घेतात. काकांचं म्हणणं, रब्बी टोरांटोत, फ्रीज इथं, मधू, म्हणजे मी, शेजारी. मग देवाला कशाला लांब पळवायचं?

किंमत त्यांनी ठरवली होती, एक नारळ. मी इंडियन ग्रोसरीतून नारळ आणायचा, त्यांच्या हातात द्यायचा, आणि ते खोके आमच्याकडे उतरवायचे. "आता ही तुझी. प्यायलीस तरी मला बोलता येणार नाही," असं दर वर्षी गंभीर चेहऱ्यानं बजावायचे आणि दर वर्षी दारातून मागे वळून बघायचे. तो नारळ आठ दिवस त्यांच्या ओट्यावर तसाच असायचा, शेंडीसकट. सण संपला की दुसऱ्या सकाळी काका नारळ घेऊन दारात हजर. मला नारळ, त्यांना बियर. मग त्या नारळाची मी चटणी करायची आणि मिलिंद म्हणायचा, घरातली सगळ्यात महागडी चटणी.

नाक गेलं ते आम्हांला मोज्यानं कळलं. गेल्याच्या गेल्या वर्षी, पानं गळायच्या दिवसांत, काकांनी ग्लास हुंगला, बराच वेळ हुंगला, आणि काकूंना म्हणाले, "मोजा काढ." मला वाटलं, थट्टा चाललीये. काकूंनी काढला. काकांनी लेबल हातात धरून वाचलं आणि मग म्हणाले, संत्रं, थोडा चीड, बारा आणे. त्यात संत्रं कुठेच नव्हतं. संत्रं लेबलावर होतं. मी नागपूरची, संत्र्याचं मला सांगायला नको. पण मी गप्प बसले, आणि काकूही माझ्याकडे न बघता आत निघून गेल्या. पुढच्या रविवारपासून मोजा टेबलावर घडी करून ठेवलेला असायचा.

मग एक दिवस काकू कुंपणापाशी आल्या. सांगायला लागल्या, दूध उतू जाऊन पातेलं काळं पडलं, घरभर करपट धूर, मी वरून धावत खाली आले, तर हे ओट्याशेजारी पेपर वाचत बसलेले. वळून मला विचारतात, काय झालं? डॉक्टरांनी लवंग, साबण, कॉफी असं एकेक नाकाशी धरून पाहिलं होतं. काहीच नाही. आणि ते नुसतं नाकाचं दुखणं नव्हतं. डॉक्टर म्हणाले की ह्या आजारात नाक आधी जातं, मागून हात जातात, मग माणसं ओळखणं. औषधानं फार तर सावकाश होईल, थांबणार नाही. आणि हे काकांना सगळं सांगितलेलं होतं. काही लपवलेलं नव्हतं.

त्या रविवारी मी गेले तेव्हा त्यांनी ग्लास माझ्याकडे सरकवला. म्हणाले, "मधू, कडू तेवढं लागतं. बाकी सगळं गेलं." काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, येईल परत हळूहळू. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली. तरी रविवार त्यांनी सोडला नाही. मी प्यायची, मी वास सांगायची, ते डोळे मिटून ऐकायचे. मला कुठे ते शब्द सुचायला! मी आंबा म्हटलं की ते विचारत, कुठला, कच्चा की पिकलेला, की नुसती साल? मी गोंधळून जायची. मार्क विचारले की स्वतः मात्र प्रत्येक बियरला आठ आणेच द्यायचे. म्हणायचे, अर्धीच पोचते, अर्धेच मार्क.

हिवाळ्यात काकांचे हात कापायला लागले. त्याच सुमारास दोन्ही देशांचं बिनसलं आणि आमच्याकडच्या दुकानांतून अमेरिकन दारू काढून टाकली. शेजारीपाजारी नदीपलीकडे जाईनासे झाले. कुणी गेलंच तर बाकीचे नाराजीनं बघत. काका तरी एकदा जाऊ म्हणाले. मिलिंदनं नेलं. दुकानात ते कॅन हातात घेऊन लेबलं वाचत राहिले आणि नेहमीच्या दुप्पट घेतले. वास नाही तर इतकी कशाला, असं विचारायची माझी हिंमत झाली नाही. परतताना कस्टम्सवाल्याला त्यांनी फक्त आकडा सांगितला.

त्यांची मुलगी हॅना टोरांटोहून यायची, सगळं इंग्रजीत बोलायची. डॅड, यू कान्ट इव्हन टेस्ट इट. ती चुकीचं बोलत नव्हती, आणि तिचंही रडून झालेलं दिसायचं. घर विकून दोघांना टोरांटोला न्यायचं ठरलं. सणानंतर लगेच.

सणाच्या आधी काका रिवाजाप्रमाणे आले. खोके मिलिंदनं उचलले, नारळ मी त्यांच्या कापऱ्या हातांत दिला आणि सुटू नये म्हणून खालून स्वतःचा हात धरला. प्यायलीस तरी बोलता येणार नाही, हे वाक्य त्यांनी ह्या वेळी म्हटलं नाही. विसरले असतील असं वाटलं.

सण संपला. मी सकाळपासून खोके दाराशी लावून ठेवले. काका आले नाहीत. दुपारी मीच गेले. घरात सगळीकडे सामान बांधून ठेवलेलं, आणि सिंकशेजारी दोन करवंट्या, खरवडून अगदी स्वच्छ केलेल्या. काकूंनी नारळाच्या दुधातलं मटण केलं होतं सणात. मी म्हटलं, काका, सण झाला, तुमची बियर न्या ना. ते खुर्चीत होते. त्या दिवशी त्यांना सगळं स्वच्छ आठवत होतं. म्हणाले, "नारळ खाल्ला आम्ही. आता व्यवहार फिरत नाही." मी म्हटलं, मी दुसरा आणते. तर म्हणाले, "इतकी वर्षं खोटा खोटा विकत होतो. एकदा खरा विकू दे." काकू पदरानं ओटा पुसत राहिल्या, खरं तर ओटा कोरडाच होता.

ते टोरांटोला गेले त्याला वर्ष होईल. खोके माझ्या बेसमेंटमध्ये तसेच होते. ताजी आहे तोवर पी, हे ज्यांनी मला शिकवलं, त्यांचीच बियर मला उघडवेना. दर रविवारी फोन करायची. सुरुवातीला ते बोलायचे, मग काकू बोलायच्या आणि ते मागे असायचे, मग कधी कधी विचारायचे, कोण मधू? हल्ली तेही विचारत नाहीत. पण मधे एक रविवार असा आला की काकू म्हणाल्या, आज बरे आहेत, बोल. मला काय वाटलं कुणास ठाऊक, फोन टेबलावर ठेवला, खाली जाऊन हाताला लागला तो कॅन मिलिंदच्या मोज्यात घालून आणला, न बघता उघडला. सांगितलं, काका, ओततेय बरं का. मला ठाऊक होतं, ते डोळे मिटून बसलेत.

मी हुंगलं. काहीच नाही. ओल्या पुठ्ठ्याचा जरासा वास, बस. घोट घेतला, तर जिभेवर नुसता कडूपणा.

"चौदा आणे, काका," मी म्हटलं. "आंब्याची साल. आणि मागून अळूची पानं."

मग ते म्हणाले, "खोटं बोलतेस. इतके महिने हॉप्स टिकत नाहीत. कडू तेवढं उरलं असेल."

मी हो म्हटलं.

"मग ठीक आहे," ते म्हणाले. "आता आपण दोघं एकच बियर पितो."

काकूंनी फोन घेतला आणि विचारलं, काय म्हणाले गं? मिलिंद सिंकमध्ये ओतून टाकायला ग्लास उचलत होता, मी त्याच्या हातातून घेतला आणि तिथेच उभी राहून सगळा प्यायले.