आवसेचं दूध

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि जिला पहिल्यांदा सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतेय? — बहुतेक तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. समोर बसला असता तर जमलं नसतं.

मी सोलापूरजवळच्या एका डेअरीत दूध तपासते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील मेंढरं राखायचे, त्यांचे वडीलही. मी डेअरीचं शास्त्र शिकले, पदवी घेतली, आणि याचा मला अभिमान आहे. तो मी कधी लपवला नाही. लपवलं ते वेगळंच.

डेअरीचं तूप परदेशी पाठवायचं ठरलं, तेव्हा मला वाटलं होतं की तिकडची माणसं तूप चाखतील, वास घेतील, रवा बघतील. तसं काहीच नव्हतं. त्यांचे सगळे प्रश्न गाईबद्दल. गाय कुठल्या वाडीतली? खाते काय? कडब्याला बुरशी आली होती का? — कारण बुरशीचं विष चाऱ्यातून दुधात उतरतं. लाळ्या-खुरकुताची लस टोचली का? औषध दिलं असेल तर कुठल्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर, आणि त्यानंतर किती दिवस दूध बाजूला ठेवलं? हरवलेल्या मेंढीचा माग काढत जावं, तसं तिकडच्या ताटातल्या तुपावरून इकडच्या गोठ्यापर्यंत येता आलं पाहिजे, अशी अट.

मला त्या नियमांचं वेड लागलं होतं, खरंच सांगते. आमच्या गाईंची एवढी विचारपूस कुणी केली होती? जावयाची सुद्धा करत नाहीत. एकेक अट वाचायची आणि विचार करायची — ही का घातली असेल? कुणाचं काय बिघडलं असेल तेव्हा?

निर्यातीसाठी निवडलेल्या वाड्यांच्या कॅनला निळा पट्टा मारायचं ठरलं. त्यांत मंगळवेढ्याच्या दक्षिणेला असलेली आमची वाडी होती, आणि वाडीचं दूध गोळा व्हायचं ते माझ्या आत्याच्या अंगणात. आत्या म्हणजे चांगुणाबाई, वडिलांची थोरली बहीण. पट्टा आल्यावर ती कॅन राखेनं घासायची, पण निळ्या रंगाला राख लागू द्यायची नाही. दूध घालायला आलेल्या बायांना म्हणायची, "पाणी घालून आणलंस तर तिकडची लोकं शिव्या देतील, आन् त्या आपल्याला कळायच्या बी न्हाईत."

मग तपासणीला परदेशातून एक बाई आल्या. जनावरांच्या डॉक्टर. गोठे बघायचे म्हणाल्या, तेव्हा डेअरीच्या साहेबांनी आमचीच वाडी दाखवायला सांगितली. दुभाषी म्हणून मी. इंग्रजी, मराठी, आणि वाडीची बोली — तिन्ही येणारी मीच होते ना. त्या दिवशी मी इस्त्रीचा पांढरा कोट घालून आत्याच्या अंगणात उभी होते, आणि माझी मलाच मी लई मोठी वाटत होते.

बाई कडक असतील असं वाटलं होतं. तसं नव्हतं. त्या वासरापुढे उकिडव्या बसल्या, त्याला हात चाटू दिला. दिसेल त्याबद्दल विचारत होत्या. गाईच्या कपाळावरचं पिवळं काय, असं विचारलं. आत्या म्हणाली, बिरोबाचा भंडारा हाय. मी इंग्रजीत सांगितलं — हळद, जंतुनाशक म्हणून लावतात. बाईंना ते आवडलं. त्यांनी टिपून घेतलं. आणि मी? — मनात म्हटलं, किती सफाईनं सांभाळलंस.

इथंच थांबायला हवं होतं. थांबले का? नाही.

पुढचा प्रश्न दुधाचा होता. डेअरीच्या नोंदींत महिन्यातून एक दिवस इथून दूधच येत नाही, असं का? मी चमकले. तो रिकामा दिवस मी कधीपासून बघत होते, पण मला तो दिसलाच नव्हता. घरातली गोष्ट कुणाला दिसते?

आत्यानं सरळ उत्तर दिलं. "आवसेला आमी दूध इकत न्हाय. पैलं देवाला, मग वासराला पोटभर, उरलं तर वाडीतल्या लेकरांना. आईकडनं चालत आलंय."

आवस म्हणजे अमावास्या. आता तुम्हीच सांगा, यात भाषांतर करायला अवघड काय होतं? प्रत्येक शब्दाला माझ्याकडे इंग्रजी शब्द होता. बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या — संशयानं नाही, नुसत्या कुतूहलानं. आणि मला एकदम लाज वाटली. अमावास्या, देव, सोडलेलं वासरू — हे त्या पांढऱ्या कोटातून बाहेर कसं काढायचं? मी म्हणाले, त्या दिवशी वाडीतल्या जनावरांना जंताचं औषध देतात. म्हणून दूध बाजूला ठेवतात.

किती शास्त्रीय. नियमात कसं अगदी बसणारं.

बाईंची पेन्सिल थांबली. सगळ्या जनावरांना? दर महिन्याला? मी हो म्हणाले. औषध कुठलं? मी एक नाव सांगितलं — पुस्तकातलं. डॉक्टरची चिठ्ठी? ती नव्हती. कुठून असणार? आत्या आमच्या दोघींकडे बघून हसत होती. मधेच मला म्हणाली, "सांगितलंस न्हवं नीट? का राग आला त्यास्नी?" मी म्हटलं, सांगितलं.

डेअरीला मंजुरी मिळाली. एकच शेरा होता — या वाडीत चिठ्ठीशिवाय जनावरांना सारखं औषध दिलं जातं, सबब हिचं दूध निर्यातीच्या तुपात नको. परत यायचं तर सगळ्या औषधांच्या नोंदी दाखवा, तपासणी पुन्हा करा. साहेबांना ते किचकट वाटलं. त्यांनी दुसरी वाडी धरली. मीटिंगमध्ये त्यांनी माझं कौतुकही केलं. म्हणाले, पोरीनं लपवाछपवी केली नाही, आहे ते सांगितलं.

तेव्हा बोलता आलं असतं. नंतरही आलं असतं. एक ओळ इंग्रजीत लिहायची होती फक्त. मी स्वतःला सांगायचे की आता तोंड उघडलं तर डेअरीची मंजुरी जाईल, शंभर घरांचं नुकसान होईल. ते खरं नव्हतं. खरं एवढंच होतं की मला आमच्या देवाची लाज वाटली होती, आणि मग त्या लाजेचीही लाज वाटली.

आत्याच्या कॅनवरचा निळा पट्टा खरवडायला गाडीवाला आला, तेव्हा तिनं त्याला करू दिलं नाही. स्वतःच बसून काढला म्हणे. दूध अजूनही डेअरीत येतं, पण ते सोलापुरात पिशव्यांतून विकलं जातं. वाडीतल्या बाया तिला टोमणे मारायच्या — काय चांगुणाबाई, तिकडची लोकं शिव्या द्यायची राहिली की. आत्या खाली मान घालून कॅन घासत राहायची.

काही महिन्यांनी डेअरीच्या कामासाठी मी वाडीवर गेले. सकाळची वेळ. आत्या गाडीवाल्याला भरलेला कॅन देत होती. मला काही खटकलं, पण काय ते कळेना. मग कळलं. त्या दिवशी आवस होती.

मी विचारलं, आत्या, आज दूध?

ती पदराला हात पुसत म्हणाली, "त्या बाईला खटकलंच की गं ते. मी तवाच वळखलं, तिची पेन्शीलच थांबली. देव काय, घेतो समजून. वाडीतल्या समद्यांनी ठरवलं, आवस बंद."

वासरू दाव्याला बांधलेलं होतं.

मला एकदम विचारावंसं वाटलं — जे मी लहानपणापासून कधीच विचारलं नव्हतं, आणि बाईंनी आल्या आल्या विचारलं होतं. आवसेला दूध का राखायचो गं आपण?

"मला काय म्हाईत? आई राखायची म्हून मी. तू शिकलीस, म्हटलं तुला ठावं आसंल." मग कॅनचं झाकण दाबून बसवत म्हणाली, "आता तरी कळव त्या बाईला. म्हणावं, चांगुणानं आवस बी सोडली. पट्टा परत मारा."

मी म्हणाले, कळवते.

तेव्हाही सांगितलं नाही. बाईंना नाही आणि आत्यालाही नाही. आत्याला वाचता येत नाही, म्हणून हे इथं लिहायची हिंमत होतेय, हेही मला कळतं.

तिच्या वाडीचं दूध आता दर आवसेला येतं. कॅन उघडते, नमुना काढते, तपासते. औषधाचा अंश नाही, असं लिहिते, आणि खाली सही करते.