तक्षशिलेला नेलेला नारळ

फाळणीच्या आधी आम्ही रावळपिंडीला होतो. माझे यजमान पलटणीत हवालदार. सासूबाई मलकापूरहून एवढ्या लांब आल्या त्या मुलाला बघायला कमी आणि सून त्याला काय खायला घालते ते बघायला जास्त. माझ्या भाकरीत, भांड्यांत, नेसण्यात खोट काढून झाल्यावर त्यांनी देवदर्शनाचा विषय काढला.

यजमानांना जवळपास दुसरं काही सुचेना, म्हणून ते म्हणाले, "तक्षशिलेला जाऊ, आये. लय जुनं गाव हाय. बुद्धदेवाचं." देव म्हटल्याबरोबर सासूबाईंनी गावाहून आणलेला नारळ पिशवीत टाकला.

आम्ही रेल्वेनं गेलो, पुढं टांगा केला. उतरून बघतो तर जिकडे तिकडे गुडघाभर भिंती. कळस नाही, घंटा नाही.

"ह्ये समदं पडलंय की रं!"

"दोन हजार वर्सं झाली, आये."

"मग कुनाला डागडुजी करायचं सुचलं न्हाई व्हय?"

यजमान कवायतीच्या आवाजात रस्ता, दुकानं, स्तूप दाखवू लागले. सासूबाई एका घराच्या जोत्यावर टेकल्या, आत नजर फिरवली आणि मला म्हणाल्या, "बघ, एवढ्याशा खोलीत संसार केला बायांनी. तुला दोन खोल्या पुरंनात." त्या ओसाड गावातही मला बोलायला त्यांना जागा सापडली, याचं मला कौतुकच वाटलं.

तिथून म्युझियममध्ये गेलो. बुद्धाची मुंडकी ओळीनं मांडलेली बघून त्या दचकल्या. "धडं कुठं गेली ह्यांची?" पण पुढं एक अख्खी मूर्ती होती, मांडी घालून, डोळे मिटून बसलेली. सासूबाईंनी वहाणा काढल्या, डोक्यावर पदर घेतला आणि नारळ काढून फोडायला दगड शोधू लागल्या. म्हातारा पठाण चौकीदार दोन्ही हात वर करून धावत आला. "नहीं, माई, नहीं!"

"का? देव न्हाई व्हय ह्यो?"

यजमानांचे कान लाल झाले. आईचं लक्ष दुसरीकडे वळवायला त्यांनी घाईघाईनं गोष्ट सांगायला घेतली. हा राजाचा मुलगा होता, बायको आणि तान्हं पोर निजलेलं असताना घर सोडून रानात गेला.

सासूबाईंचा हात थांबला. "बायकूला न सांगता?"

"व्हय."

इथं सांगायला हवं, की आमच्या सासऱ्यांनीही तरुणपणी असंच वैराग्य घेतलं होतं. भगवी कफनी घालून ते गेले आणि काही वर्षांनी आंब्याच्या दिवसांत परत आले. घरात हा विषय कोणी काढत नसे. त्या वेळचं तान्हं पोर म्हणजे माझे यजमान.

"परत आला का ह्यो?"

"आला की. बुद्ध हून आला."

सासूबाईंनी मूर्तीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "आमचा तर गेला तसाच आला. दाढी तेवढी वाढली हुती."

मला हसू आवरेना. यजमान शेजारच्या कपाटातली मडकी फार लक्ष देऊन बघू लागले. सासूबाईंनी नारळ परत पिशवीत टाकला आणि विचारलं, "त्या बाईची मूर्ती कुठं हाय?"

यजमानांनी चौकीदाराला विचारलं. त्यानं डोकं खाजवलं, इकडे तिकडे पाहिलं आणि तशी काही नाही म्हणाला.

"मग ह्यास्नी तरी काय ठावं," म्हणत त्या बाहेर पडल्या. आवाराबाहेरच्या झाडाखाली दगडावर त्यांनी त्या बाईच्या नावानं नारळ फोडला. पाणी मातीत सोडलं. चौकीदारालाही खोबरं दिलं. तो ते चवीनं चावत राहिला आणि पुन्हा हात पुढं केला.

परतीच्या गाडीत त्या माझ्या शेजारी बसल्या. मी काही विचारलं नव्हतं. आपणहून म्हणाल्या, "त्या वर्सी उसाला पाणी मीच पाजलं. पोरगं पाठीला बांधून. भाऊबंद बांधावर हुबं राहून बघायचे, कवा दमतीया म्हणून."

"मग, आत्याबाई?"

"मग काय! ऊस असा आला, की त्येंच्या बायका बघायला आल्या."

समोर यजमान टोपी डोळ्यांवर ओढून झोपेचं सोंग घेऊन बसले होते. सासूबाई रावळपिंडी येईपर्यंत बोलत होत्या.