केबिन सोडलेले साहेब

आमच्या कारखान्यात एसी एकाच केबिनला होता, आणि ती केबिन साहेबांनी कॉम्प्युटरला देऊन टाकली. स्वतः बाहेर शॉप फ्लोअरवर, लेथ मशिनांच्या शेजारी टेबल टाकून बसले. "त्याला उकाडा सोसत नाही, मला सवय आहे," म्हणायचे. विश्रांतवाडीहून स्कूटरवर येणारे साहेब पंपांच्या त्या कारखान्याचे प्रॉडक्शन मॅनेजर होते आणि मी त्यांच्या हाताखालचा सुपरवायझर.

बाजार नुकताच खुला झाला होता, परदेशी पंप येऊ लागले होते. मालकांनी साहेबांना बजावलं होतं, "तीन महिन्यांत माल वेळेवर जायला लागला पाहिजे. नाहीतर तुम्ही दुसरीकडे बघा." कॉम्प्युटर आणायचा हट्ट साहेबांचाच होता ना!

रोज सकाळी आठला प्रत्येक सुपरवायझरने बूट दाराबाहेर काढून आत जायचं आणि आपला शिल्लक माल स्वतः टाईप करायचा, हा त्यांचा दंडक. एका बोटाने कळ शोधताना त्या गारव्यातही मला घाम फुटायचा. "त्याला खोटं कळत नाही, म्हणून आपण खरं सांगायचं," हे त्यांचं पालुपद.

मी नेमकं तेच केलं नाही. अडीअडचणीला असावेत म्हणून आम्ही सगळेच थोडे सुटे भाग कपाटात दडवून ठेवायचो. ती रीतच होती. माझ्याकडे दोनशे बेअरिंग होती. दाखवली तर 'इतकी कशाला?' विचारतील, या धास्तीने मी ती टाकलीच नाहीत. कॉम्प्युटरवर बेअरिंग शून्य दिसली, म्हणून साहेबांनी मोठ्या ऑर्डरची जुळणी थांबवून नवी मागवली. ती येईनात. चार दिवस मी कपाटाची किल्ली खिशात घेऊन फिरलो.

पाचव्या दिवशी साहेबांना सांगितलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. "आत जा, आकडा टाका," एवढंच म्हणाले. "आणि बूट काढा."

पण तारीख हुकलीच. नवी बेअरिंग न येताच जुळणी सुरू झालेली पाहून मालकांनी आम्हा सगळ्यांना उभं करून विचारलं, "माल कोणी लपवला?"

साहेब शांतपणे म्हणाले, "माझ्या माणसांना खरं सांगायची भीती वाटली. म्हणजे चूक माझीच."

मी तोंड उघडलं, पण घरची माणसं डोळ्यांपुढे आली आणि ते पुन्हा मिटलं. महिनाअखेर साहेबांची नोकरी गेली.

त्याच आठवड्यात प्रत्येकाने आपापलं कपाट रिकामं करून दडवलेल्या मालाचा खरा आकडा कॉम्प्युटरवर टाकला. माल वेळेवर जाऊ लागला, ऑर्डरी वाढल्या. मालक खूश झाले आणि वर्षभराने साहेबांच्या जागेवर मला बसवलं. कपाट कोणाचं होतं, हे मालकांना मी आजतागायत सांगितलेलं नाही.