तळहातावर लिहिलेली डिस्क

अंकुशच्या लक्षात रंभाबाई पहिल्यांदा आल्या त्या त्यांच्या नजरेमुळे. बोईसर स्टेशनजवळ त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. सकाळच्या शिफ्टच्या बसेस निघून गेल्या होत्या आणि पायरीवर एक बाई पिशवी पोटाशी धरून उभ्या होत्या. त्या अंकुशकडे बघत नव्हत्या. टेबलाखाली, कपाटावर, मागच्या दाराकडे बघत होत्या. खोली भाड्याने घ्यायला आलेलं माणूस बघतं तसं त्यांनी सगळं दुकान बघून घेतलं आणि मग विचारलं, "त्या दारातून कुठे जाता येतं?"

"मोरीत," अंकुश म्हणाला.

रंभाबाईंनी आत डोकावून खात्री केली आणि मगच पिशवीतून हार्ड डिस्क बाहेर काढली.

त्या मूळच्या परभणीकडच्या. नवरा, पुंजाराम, तारापूरच्या एमआयडीसीत लागला तेव्हा त्या बोईसरजवळच्या पाम गावात राहायला आल्या. आधी घरी शिलाई, मग बोईसरच्या बाजारात एक गाळा, आणि आता त्या गाळ्यात कॉम्प्युटरवर चालणारं भरतकामाचं मशीन. मशीन विकत मिळतं, पण त्यावरची नक्षी रंभाबाईंची स्वतःची. कागदावर चितारायची, मग कॉम्प्युटरवर एकेक टाका बसवायचा. ब्लाउजच्या पाठीवरचे मोर, बाहीवरच्या वेली, इतक्या वर्षांचं सगळं त्या एका डिस्कवर होतं, आणि लग्नसराई तोंडावर आलेली असताना डिस्क उघडेनाशी झाली होती. दुसरी प्रत नव्हती. पूर्वी एकाला त्यांनी पेन ड्राइव्हवर काही नक्ष्या दिल्या होत्या, तर दिवाळीच्या आत त्यांची कण्हेरीची वेल पालघरच्या बाजारात भलत्याच्याच ब्लाउजवर दिसली. तेव्हापासून प्रत काढणं म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठी यायची.

अंकुशने डिस्क जोडली. त्याच्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स. गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्ह व्हायरस घेऊन येतात आणि लिनक्सला त्याची सहसा बाधा होत नाही, म्हणून त्याने ते धरलं होतं. रंभाबाईंना मात्र काळ्या पडद्यावर सरकणाऱ्या पांढऱ्या ओळी बघून वेगळंच वाटलं. आपल्या गाळ्यात आहे तसा कॉम्प्युटर याच्याकडे का नाही? हा नक्की काय लिहितोय? त्यांनी स्टूल ओढलं आणि त्याच्या खांद्याशी येऊन बसल्या.

डिस्कचा दिवा लागायचा, मिनिटभर टिकायचा आणि विझायचा. अंकुशने केबल बदलली. पुढचं पोर्ट सोडून मागच्याला लावून बघितलं, कारण पुढे कधीकधी वीज कमी पडते. डिस्कशी जुन्या, सावकाश पद्धतीने बोल असंही लिनक्सला सांगून झालं. तरी ती तुटतच होती.

"मावशी, डिस्क बरी हाय. ती ज्या डबीत बसवलीय ना, त्या केसिंगचं कार्ड गेलंय. डबी खोलावी लागेल."

खोलायची म्हटल्यावर रंभाबाई उठून उभ्या राहिल्या. आतली डिस्क बाहेर निघणार, म्हणजे बदलली जाऊ शकणार. डबी उघडल्यावर त्यांनी डिस्कवरचा लांबलचक नंबर अंकुशला त्याच्याच पेनाने आपल्या तळहातावर लिहायला लावला. शेजारच्या मोबाइलवाल्या सुजितने ते बघून, मावशी, मेंदी काढताय का, असं विचारलं. त्या हसल्या नाहीत.

नव्या केसिंगमध्ये दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. अंकुशला बरं वाटलं, पण क्षणभरच. डिस्क दिसत होती आणि आत काहीच नव्हतं. फोल्डर नाही, फाइल नाही. कोरी.

रंभाबाईंनी तळहात डिस्कशी धरून नंबर अक्षर न् अक्षर ताडून पाहिला. तोच होता.

"म्हणजे बदलली नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पुसली."

अंकुशने शपथा घेतल्या, पण त्या ऐकून त्यांचा चेहरा आणखी घट्ट झाला. सुजितने मध्येच तोंड घातलं. त्याच्या मते फॉरमॅट मारावं आणि मग सॉफ्टवेअरने मिळेल तेवढं परत काढावं. फॉरमॅट म्हणजे आहे ते सगळं पुसणं, हे रंभाबाईंना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी सुजितला त्याच्या दुकानात परत पाठवलं आणि अंकुशला सांगितलं, "सकाळपासून तुमच्या मशीनने जे जे लिहिलंय ते वर घ्या. मला वाचायचंय."

"इंग्रजी हाय मावशी."

"आकडे तर वाचता येतात."

लिनक्स प्रत्येक घडामोडीची नोंद ठेवतं. अंकुशने ती वर सरकवली. रंभाबाई बोट टेकवत एकेक ओळ उतरू लागल्या, मापात खोट शोधणाऱ्या गिऱ्हाइकासारख्या. सकाळच्या ओळींवर बोट थांबलं, खाली आलं, परत वर गेलं.

"इथे चार हजार शहाण्णव. इथे पाचशे बारा. डिस्क एकच म्हणता, मग आकडा का बदलला?"

अंकुश पडद्याकडे वाकला. त्याने दोन्ही ओळी पुन्हा वाचल्या. मग कपाळाला हात लावला. जुनी डबी डिस्कची जागा मोठ्या मापाने मोजत होती, नवी लहान मापाने. नक्षी होती तिथेच होती. नवी डबी ती भलत्या ठिकाणी शोधत होती.

त्याने हे सांगायचा प्रयत्न केला, तर रंभाबाईंनी त्याला अर्ध्यावरच थांबवलं. "म्हणजे सेंटिमीटरच्या बाजूने टेप धरलीय आणि इंच समजून कापड कापायला निघालाय."

"तसंच."

"मग टेप उलटी करा. पण कापू काही नका."

तेही बरोबरच होतं. डिस्कवर काहीही न लिहिता फक्त वाच, आणि मोठ्या मापाने वाच, असा हुकूम त्याने लिनक्सला दिला. पडद्यावर एक फोल्डर उभं राहिलं, मग ओळीने कितीतरी. रंभाबाईंनी कण्हेरीची वेल उघडायला लावली. रंगीत टाक्यांची ती वेल उघडली तेव्हा त्यांनी पदराने चष्मा पुसला आणि वेलीचं शेवटचं पान नीट आहे ना, ते बघितलं.

त्या दिवशी त्यांनी नवी डिस्क घेतली आणि सगळं तिच्यावर उतरेपर्यंत स्टुलावरून हलल्या नाहीत. उठताना विचारलं, "तुमच्या मशीनमध्ये काय राहिलं?"

अंकुशने दाखवलं. काहीच राहिलं नव्हतं.

"खरंच?"

"खरंच, मावशी."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा एकदा दाखवायला लावलं.

रंभाबाईंचं दुकान आजही बोईसरच्या बाजारात आहे. नक्ष्यांची एक प्रत गाळ्यात असते, दुसरी पामच्या घरी, आणि तिसरी कुणाकडे ठेवावी हे त्यांचं अजून ठरलेलं नाही.